माद्यांच्या तळ्यातील नर, क्रमांक ४१७७

दिनांक १८ मे २०१९, शनिवार, सकाळी ९.४०. शेरीफ कार्यालय, टोकाली काउंटी, अलाबामा.

मी, कॉरीन हॉलीफील्ड, वय ४६, शिक्षण पदवीपर्यंत (जीवशास्त्र), धंदा खाजगी तळ्यांची देखभाल, राहणार काउंटी रस्ता क्र. ३४, समक्ष हजर राहून जबाब देते की, २९ एप्रिल रोजी याच टेबलावर मी एक तक्रार दिली होती. त्यानंतर एकोणीस दिवस मी इथे फिरकले नाही. पहिले काही दिवस माझ्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते. १३ तारखेपासून होते, तरी मी गप्प राहिले. त्याबद्दल आधी क्षमा मागते.

डॉ. गार्लंड ट्रस्लर हे निवृत्त दंतवैद्य आहेत. त्यांचे अकरा एकरांचे तळे मी २०१५ पासून सांभाळते. तळ्यात रुंद जबड्याचे बास मासे आहेत, आणि ते सगळे माद्या असावेत अशी योजना आहे. बासचा नर तीन-चार पौंडांवर सहसा जात नाही. मादीला भरपूर खायला मिळाले आणि तळ्यात गर्दी झाली नाही, तर ती बारा-तेरा पौंडांपर्यंत जाते. नर आला की पिल्ले होतात. हजारो पिल्ले तेच खाणे खातात आणि मोठ्या माद्या डोके मोठे, अंग बारीक अशा होऊन बसतात. डॉक्टरांना चौदा पौंडांची मादी पाहायची आहे. त्यांचे वय अडुसष्ट आहे. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याएवढा वेळ आपल्याकडे नाही, असे ते म्हणतात.

२१ नोव्हेंबर २०१५ रोजी मी २४० बास एकेक करून तपासून तळ्यात सोडले. पोटाखालच्या छिद्राभोवतीची खवले नसलेली जागा भिंगातून पाहायची असते. नराची गोल असते, मादीची लांबट. प्रत्येक माशाच्या अंगात तांदळाच्या दाण्याएवढी काचेची चिप घातली. वाचक यंत्र जवळ नेले की ते पिक् करते आणि क्रमांक दाखवते.

२७ एप्रिल रोजी दुपारी तीनच्या सुमारास पाण्याचा हिरवेपणा मोजायला मी होडीतून गेले होते. आम्ही पाण्याला खत घालतो. दोरीला बांधलेली पांढरी तबकडी दीड ते दोन फुटांवर दिसेनाशी झाली पाहिजे. तबकडी वर ओढताना बांधाजवळ उथळ पाण्यात एक काळसर ढग हलताना दिसला. ढग म्हणजे बासची पिल्ले होती, पाऊण इंचाची, हजारभर तरी. मला भीती वाटायला हवी होती. खरे सांगायचे तर आधी कुतूहलच वाटले. नर आला कुठून? मी अर्धा तास नुसती बघत राहिले.

शक्यता मी वहीत लिहून काढल्या. ओढ्याच्या पुरातून आला असेल, तर सांडव्याची जाळी तुटलेली हवी होती. ती शाबूत होती. बगळ्याच्या पायाला अंडी चिकटून येतात असे लोक म्हणतात, पण तसे झालेले मी पाहिलेले नाही. तिसरी शक्यता, कोणीतरी आणून टाकला. मी बांधावरच्या कॅमेऱ्याचे फोटो चाळले. ९ मार्चच्या सकाळी ७.१२ च्या फोटोत मिस्टर एमिट पेटवे पाण्याकाठी वाकलेले आहेत आणि हातातली पाच गॅलनची बादली कलती आहे. मिस्टर एमिट तळ्यापासून अर्ध्या मैलावर, माझ्या शेजारीच राहतात, वय ७१, कागद गिरणीतून निवृत्त. चौथी शक्यता मी लिहिली नाही.

तक्रारीत मी 'बादलीतून मासे ओतताना' असे शब्द लिहून दिले. ओतताना मी पाहिलेले नव्हते. स्थिर फोटोत बादली भरली जाते आहे की रिकामी होते आहे हे कळत नाही. 'ओतताना' हा शब्द माझा आहे. फोटोत तो नाही.

त्या तक्रारीवरून रविवार, ५ मे रोजी मिस्टर एमिट यांना चर्चच्या अंगणातून चौकशीसाठी नेण्यात आले. त्यांच्यावर विनापरवाना प्रवेश आणि खाजगी तळ्यात मासे सोडून नुकसान करणे असे दोन आरोप आहेत. सुनावणी २३ मे रोजी आहे.

१३ मे रोजी सकाळी अकरा वाजता मी त्यांच्या घरी गेले. कशासाठी, असे विचारल्यावरून सांगते की, बादली बघायची होती. ते वाफ्यात होते. मला पाहून उठले नाहीत.

"या, मिस कॉरीन. तुमच्या मुलींच्या वसतिगृहात मी नवरदेव पोचवला म्हणे."

"मिस्टर एमिट, त्या दिवशी बादलीत काय होतं?"

"जाताना? हवा. येताना तुमचं हिरवं पाणी. हेच मी शेरीफच्या माणसांनाही सांगितलं. तर ते म्हणतात, घरात नळ असताना माणूस अर्धा मैल चालून पाणी कशाला आणेल?"

"कशाला आणता?"

"हे बघा ना." त्यांनी टोमॅटोची झाडे दाखवली. १३ मे रोजी ती माझ्या खांद्याला लागत होती. पलीकडच्या ओळीतली गुडघ्याएवढी होती. "ती नळावरची. एकाच दिवशी लावलीत दोन्ही. तुम्ही कॉलेजात शिकलात, तुम्हीच सांगा, त्या पाण्यात काय घालता? दोन वर्षं विचारीन म्हणतोय. पण विचारलं असतं तर चोरतोय ते कळलं असतं."

मी खताचे प्रमाण सांगितले. त्यांनी दोनदा विचारून घेतले.

त्यांच्या पत्नी, ज्यांना इकडच्या रीतीने सगळे मिस ओडेसा म्हणतात, गोड थंड चहाचे दोन पेले घेऊन आल्या. एक त्यांनी पतीला दिला आणि दुसरा हातातच ठेवला.

"बत्तीस वर्षं हे चर्चच्या दाराशी उभे राहून लोकांना आत घेतात," त्या म्हणाल्या. "काल पास्टर म्हणाले, हे प्रकरण मिटेपर्यंत जरा बसा. शेवटच्या बाकावर बसले हे. मला म्हणाले, इथून पंख्याचा वारा छान लागतो."

"लागतोच," मिस्टर एमिट म्हणाले.

"एमिट, तू गप्प बस. बाई, तुमच्याकडे कोणी काही नेलं असेल तर विचारायला घर होतं ना आमचं? दिवा तर लागतो तुमच्या खिडकीतून दिसेल असा."

यावर मी काय केले असे विचारल्यावरून सांगते की, बादली न बघताच परत आले.

मिस्टर एमिट पूर्वेच्या तारेखालून तळ्यावर येत होते, ही गोष्ट खरी आहे. परवानगी नव्हती. ती गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी कबूल केली होती. पाण्याबद्दल माझी तक्रार नव्हती आणि नाही.

१६ मे, गुरुवार, सकाळी साडेआठ वाजता बांधाच्या दक्षिण टोकाला मला एक नवे घरटे दिसले. खड्यांवर साफ केलेली पसरट थाळीएवढी जागा होती. बासचा नर शेपटीने जागा साफ करतो आणि अंड्यांवर राखण करतो. त्या काळात त्याला भूक नसते, पण घरट्यात काही आले की तो उचलून बाहेर टाकतो. मी गळाला रबरी सरडा लावून घरट्यात सोडला. दोनदा नराने तो तोंडात धरून बाहेर टाकला. तिसऱ्यांदा तो गळाला लागला. वजन दोन पौंड अकरा औंस. शेपटीची खालची कड झिजून लाल झालेली. त्याच वयाच्या माझ्या माद्या सात-आठ पौंडांच्या आहेत.

वाचक यंत्र होडीतच होते. ते लावावे की नाही, यावर मी किती वेळ घेतला हे मला सांगता येत नाही. बाहेरून आणलेला मासा असता तर यंत्र गप्प राहिले असते. यंत्र पिक् झाले. क्रमांकाचे शेवटचे चार आकडे ४१७७. मासा माझा होता. साडेतीन वर्षांपूर्वी मी माझ्या हाताने सोडलेला होता.

घरी जाऊन २०१५ ची वही काढली. त्या दिवशीची नोंद अशी आहे: '४१७७, बारा इंच, मादी?' प्रश्नचिन्ह माझ्याच हाताचे आहे. त्या दिवसाच्या २४० नोंदींत अशी सात प्रश्नचिन्हे आहेत. थंडी होती, बोटे बधिर होती आणि माशांचा ट्रक परतायच्या घाईत होता, हे खरे आहे. पण शंका आली तो मासा बाजूला काढायची टाकी माझ्या शेजारीच होती. उरलेले सहा कुठे आहेत, नर आहेत की माद्या, मला माहीत नाही. याआधीच्या वसंतात पिल्ले का दिसली नाहीत, तेही माहीत नाही. कदाचित झाली असतील आणि इतर माशांनी खाल्ली असतील. कदाचित मी पाहिले नसेल, कारण पाहायची गरज आहे असे मला वाटले नव्हते.

डॉ. ट्रस्लर यांना मी जी टंकलिखित यादी दिली, तीत प्रश्नचिन्ह एकही नाही. ती यादी मीच टंकलिखित केली होती.

१७ मे रोजी दुपारी दोन वाजता मी डॉक्टरांना फोन करून हे सांगितले. ते म्हणाले, "मासा कुठाय?"

"बर्फात ठेवलाय."

"तळून खा आणि विसर."

"त्याच्या अंगात चिप आहे, डॉक्टर."

"चिप काय कोर्टात उभी राहणार आहे? कॉरीन, ऐक माझं. म्हातारा किरकोळ दंड भरेल, घरी जाईल. त्याचं वय झालं आता. तुझं नाव एकदा गेलं की या काउंटीत कोणी तुला डबक्यावरही उभं करणार नाही. मी तुझ्याच भल्याचं सांगतोय."

ते माझ्या भल्याचे सांगत होते, असेच मला वाटते. त्यांनी मला धमकी दिलेली नाही. फोन ठेवायच्या आधी त्यांनी विचारले, "सगळ्यात मोठी किती झालीय आता?" मी म्हटले, "मार्चमध्ये दहा पौंड चार औंस." ते म्हणाले, "दहा चार," आणि फोन ठेवला.

रात्री न येता आज सकाळी का आले, असे विचारल्यावरून सांगते की, काल मी गाडी काढून तुमच्या फाटकापर्यंत आले होते आणि परत गेले.

या जबाबाने माझे काम जाऊ शकते हे कळते का, असे डेप्युटी लाइल स्टिन्सन यांनी विचारले. कळते. तळे रिकामे करून माशांची पुन्हा तपासणी करावी लागेल, आणि ती मी करणार की दुसरे कोणी, हे डॉक्टरांनी ठरवायचे आहे. मिस्टर एमिट पेटवे यांनी तळ्यात मासा सोडला असे म्हणायला माझ्याकडे काहीही आधार नाही, आणि २९ एप्रिललाही नव्हता. ती तक्रार मी मागे घेते. सोबत बर्फातला मासा, वाचक यंत्र, २०१५ ची वही आणि टंकलिखित यादीची प्रत जमा केली आहे. वहीत इतर खाजगी मजकूर आहे. तो वाचला गेला तरी माझी हरकत नाही.

डेप्युटी स्टिन्सन यांनी हे सगळे मला सावकाश वाचून दाखवले. यादीतून प्रश्नचिन्हे 'चुकून' गळली, असे त्यांनी एका ठिकाणी लिहिले होते. तो शब्द मी काढायला लावला. आता जसे मी बोलले तसेच आहे, म्हणून सही करते.

कॉरीन हॉलीफील्ड

सहीखाली माझ्या हाताने:

उद्या, रविवार. सकाळी साडेदहा वाजता चर्चच्या अंगणात, लोक आत जायच्या आधी, हेच सगळ्यांसमोर तोंडाने सांगणे.