मॉरीनच्या घराचे कागद

अरे, आमचे बाबा नागपूरहून इकडे आयर्लंडात, एनिसला आले होते ना, तेव्हाची गंमत. शेजारच्या मॉरीनने बहिणीसोबत राहायला मेक्सिकोत समुद्राकाठी घर घेतलं. तिथे परदेशी माणसाच्या नावावर किनाऱ्याची जमीन होत नाही. मालकी बँकेच्या ट्रस्टकडे, हक्क सगळे मॉरीनचे.

बाबा रजिस्ट्री ऑफिसातून रिटायर झालेले. मला म्हणाले, "तिला कागद दाखव म्हणावं."

"सगळं ग्रँड आहे," म्हणजे इथल्या बोलीत सगळं ठीक आहे, म्हणत तिने इंग्रजी प्रत दिली.

बाबांनी चहा गार होईस्तोवर वाचली. "हिच्यानंतर घर कोणाला? ही ओळ तर कोरीच आहे!"

मॉरीनने लगेच बहिणीचं नाव घालून घेतलं. मग ॲपल टार्ट घेऊन आली, बाबांचे हात धरून रडलीच.

बाबा मला म्हणाले, "आभार राहू दे. तिला विचार बरं, झेरॉक्स काढली का?"