पिटन्सवरची बाई

माझं माहेर इस्लापूरकडचं, सासर हे लोह्याजवळचं, अन् शाळा म्हणशील तर चौथीपस्तोर, सही येते, वाचता येतं, बास. गावातल्या शाळेत खिचडी शिजवायला लागले तव्हा तू दुसरीत होतीस बघ, ताट घेऊन पयल्या नंबरला उभी ऱ्हायचीस, मावशे, बुडाची खरवड दे म्हणायचीस. आता तू नांदेडला शिकून बीए झालीस अन् माझंच लिहून घेऊन राहिलीस. लिही.

तांदूळ निवडायचा, चूल पेटवायची, वाढायचं, पातेली घासायची, शेड झाडायचं. एवढ्याचं महिन्याला जे मिळतं त्याला कागदावर मानधन म्हणतेत. किती ते मी कुणाला सांगत न्हाई, लाज वाटते. तुला सांगितलं तर तू म्हणलीस, मावशे, इंग्रजीत याला पिटन्स म्हणतेत, राबणाऱ्याचं पोटसुद्धा भरणार न्हाई इतकी थोडी मजुरी. वाक्यबी सांगितलंस, ती बाई पिटन्सवर काम करते. मी म्हणलं, ती बाई कशाला, माझं नाव घाल की, कांताबाई.

तर आमच्यात एक वही असते, चवीची. लेकरांना वाढायच्या आधी शिजवणारीनं खाऊन बघायचं, चव चांगली असं लिहायचं, सही करायची, मग खाली हेडगुरुजीची सही. पण आमच्या शाळेत सोमवारीच आख्ख्या आठवड्याच्या सह्या व्हायच्या. मीबी करायची, खोटं कशाला बोलू, लई वर्षं केल्या.

एका गुरुवारी डाळीचं पोतं उसवलं अन् भपकन वास आला. हात घातला तर अळ्या, लिबलिबीत, बोटाला चिकटल्या. गुरुजीला म्हणलं, बघा हे. गुरुजी नाकाला रुमाल लावून म्हणाले, दोन पाण्यानं धुवा अन् टाका, सही तर झालेली हाय. मी वही उघडली. गुरुवार, चव चांगली, अन् खाली माझीच सही. काय सांगू तुला, डाळीची न्हाई आली तेवढी किळस मला त्या सहीची आली. पेन घेतला, चव चांगली खोडलं अन् लिहिलं, डाळीत अळ्या निघाल्या. डाळ उकिरड्यावर ओतली, लेकरांना मीठ-तेलाचा भात वाढला.

गुरुजी तडकले. एवढ्याशा पगारावर एवढा तोरा? उद्यापासून येऊ नका म्हणाले. बरं म्हणलं, अन् घरी आले. पण रडले बाई, एवढं तरी होतं न्हवं हातात.

मग गुरुजी दुसरी बाई हुडकाया लागले. एक आली, काम काय, पगार काय इचारलं अन् म्हणाली, गुरुजी, चेष्टा करून राहिले का, सोयाबीन कापून मी आठ दिवसांत एवढं आणते. दुसरी तर फाटकाच्या आत आली न्हाई. लेकरं रिकामी ताटं वाजवत बसायची, माझ्या दारापस्तोर आवाज यायचा. पाचव्या दिवशी गुरुजी सोता आले, कांताबाई, झालं गेलं सोडा म्हणाले. मला हसू आलं अन् मग शिसारी आली. माझी जागा माझ्या कामानं न्हाई राहिली पोरी, तुझ्या त्या पिटन्सनं राहिली. त्याला दुसरं कुणी हातच लावीना.

म्हणलं येते, पण सही रोजची रोज, अन् पयला घास तुमचा, लेकरांच्या रांगेसमोर.

तव्हापासून गुरुजी उभ्यानं पयला घास खातेत, तोंड असं करतेत जसा काढाच पाजला, लेकरं खिदळतेत. पोतीबी आता बरी यायला लागली. पगार तेवढाच हाय. व्हायचा तव्हा व्हईल, मी काय वाट बघत न्हाई.

एक मात्र तुझ्या पुस्तकात बघून सांग, ह्या शब्दाची लाज घेणारीनं धरायची का देणाऱ्यानं? तू मोठी हो, तुझ्या हाताखाली चार बाया येवोत, त्यांना हा शब्द कव्हा शिकवायची पाळी तुझ्यावर न येवो. आता वही मिट. खरवड काढून ठेवलीय, खा, अन् चव खरी सांग.