न चाखता दिलेली मतं

मंडळी, मला एक सांगा — प्रेमापोटी केलेली लबाडी, ती लबाडी असते का हो? माना हलताहेत... निम्म्या उभ्या, निम्म्या आडव्या! मग ऐका.

कराडच्या कालिंदीबाई रेठरेकर मेतकूट करून विकायच्या. मऊ भात, वर तूप आणि ते मेतकूट — सुटलं ना पाणी तोंडाला? थांबा, आरती व्हायचीय! तर एका तापात बाईंच्या जिभेची चव गेली. वासही गेला. ताप उतरला, पण चव काही परतली नाही! हात सवयीनं हिंग-सुंठ टाकायचा. बरोबर पडतेय की नाही, कुणास ठाऊक! नवऱ्याला विचारावं, तर दिगंबरराव चमचा तोंडाशी नेण्याआधीच म्हणायचे — "उत्तम!"

अशात एका मासिकानं स्पर्धा काढली. वाचकांच्या पसंतीचा घरगुती पदार्थ! अंकातलं कुपन कापायचं, आवडीचं नाव लिहून पाठवायचं. बाईंनी नाव दिलं. म्हणाल्या, "अहो, परक्या जिभा माझी भीड नाही धरायच्या. नाही आवडलं, तर काम बंद. लोकांना कसंही खाऊ घालायचं नाही मला."

आणि पहिला नंबर आला! बाई देवापुढे बसून रडल्या. हात शाबूत आहे म्हणायचा!

पुढं एकदा कढई काढायला माळ्यावर चढल्या — तर तिथं त्याच अंकाचे गठ्ठे! प्रत्येकाच्या शेवटच्या पानाला चौकोनी भोक!

"अहो, हे काय?"

"अगं... नंबर आला नसता, तर तू खचली असतीस."

"नावं कुणाची लिहिलीत?"

"आत्याचं, मावशीचं, वसंतकाकांचं..."

"काका वारले की हो!"

— बघा! मेतकूट थेट स्वर्गात पोचलं! हसा, हसा. बाई नाही हसल्या.

त्या तडक मासिकाच्या कचेरीत गेल्या. "माझी खरी मतं तेवढी वेगळी काढून द्या. दोनच असू देत."

संपादक म्हणाले, "वहिनी, गठ्ठे सगळेच घेतात. कुपनं मोजली, रद्दीत घातली. आता कुठली वेगळी काढू?"

"चाखून कुणी लिहिलं होतं का?"

"ते आम्ही विचारत नाही."

बाई घरी आल्या. चिमूटभर मेतकूट जिभेवर ठेवलं — नुसती राख! मग नवऱ्यापुढे तळहात धरला. "आज खरं सांगा."

दिगंबररावांनी चाखलं. सावकाश चाखलं. डोळे भरून आले त्यांचे. "उत्तम झालंय गं!"

मंडळी, ते खरंही असेल! पण बाईंनी हात पदराला पुसला, आणि डबे झाकून ठेवले. कायमचे.

आता तुमचं! मोबाइलवर निरोप येतो, 'आमच्या वहिनींना मत द्या.' पदार्थ पाहिलेला नाही, चाखलेला नाही — आणि अंगठा दाबून मोकळे! तिकडं कुणी तरी त्या मतावर जीव टांगून बसलंय हो. टाळ्या नकोत आज. डोळे मिटा, आणि आपण न चाखता कुणाकुणाला 'उत्तम' म्हणालो, तेवढं आठवा. मग नाम घेऊ... घ्यायला तोंड उरलं, तर!