बांधावरून आलेला आवाज

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय मधुकररावजी, तालुक्यातली कामं बाजूला ठेवून इथवर आलेल्या डॉक्टर रीता मॅडम, आपले सरपंच जागेश्वरभाऊ, ज्यांच्यासाठी हे सभागृह आज अपुरं पडलं त्या आपल्या नर्सबाई, सुलोचनाबाई, आणि खुर्ची मिळाली म्हणून बसलेल्या व नाही मिळाली तरी उभ्या राहिलेल्या माझ्या सर्व गावकरी माय-बहिणींनो, बंधूंनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी उर्वशी. तेजरामजींची सून. गावात शिवणक्लास चालवते. बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी एवढी ओळख पुरे. गावाला माझी ओळख करून द्यायची गरज उरलेली नाही. काहून उरली नाही, तेच सांगायला आज उभी आहे.

माझ्या आधी बोलणाऱ्यांनी नर्सबाईंची खूप कामं सांगितली. पुरात रस्ता बंद झाला तेव्हा त्या डोंग्यातून लसी घेऊन आल्या. इथे बसलेली कितीतरी पोरं त्यांच्या हातावर जन्माला आली. हे सगळं खरं आहे. पण बाईंनी माझ्यासाठी जे केलं, ते कुठल्या अहवालात येणार नाही. म्हणून ते मी बोलते. अध्यक्षमहोदय, थोडा जास्त वेळ घेतला तर घंटी वाजवू नका.

दोन वर्षांपूर्वीच्या, धानाच्या रोवणीच्या दिवसांतली गोष्ट. माझा फोन पडून काच फुटली होती, म्हणून तो लाखांदूरला दुरुस्तीला दिला होता. माझ्या धाकट्या बहिणीशी, डिंपलशी, बोलायचं होतं. ती आमच्या माहेरी आंबागडजवळच दिलेली आहे. मामाजी, म्हणजे माझे सासरे, फोन घरी ठेवून शेतावर गेले होते. मी त्यांच्या फोनवरून डिंपलला लावला आणि परसात बसून मनातलं सारं बोलली. रडली पण.

काय बोलली? ते मी आज सांगणार नाही. नवरा-बायकोतली, दवाखान्यातली गोष्ट होती, एवढंच. ज्यांनी ऐकलं त्यांना माहीत आहे. ज्यांनी ऐकलं नाही, त्यांना कळायचं काही कारण नाही.

आता मला काय माहीत, की मामाजींच्या फोनवर प्रत्येक बोलणं आपोआप रेकॉर्ड होते? मामाजींना कोण काय बोललं ते आठवत नाही, म्हणून माझ्या दिरानं, मनिषनं, ती सोय करून दिली होती. त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता. दुसऱ्या दिवशी पाटकऱ्याचा फोन आला, कालव्याचं पाणी कोणत्या बाजूला कधी सुटणार ते सांगायला. मामाजींना वाटलं, हे साऱ्या गावाला कळलं तर बरं. त्यांनी ते बोलणं गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवलं.

पाठवलं ते पाटकऱ्याचं नव्हतं. त्याच्या खालचं होतं. माझं.

मी तेव्हा धानाच्या बांधीत, चिखलात होती. आम्ही साऱ्या बाया ओळीनं वाकून रोवत होतो. कौशल्याबाईंचा फोन पन्नीत गुंडाळून बांधावर ठेवला होता, गाणी सुरू होती. मधेच टिंग वाजलं. कोणी तरी म्हणालं, "पाह्य वो, पाण्याचं काय आलं काय तं." कौशल्याबाईंनी पदराला बोट पुसून लावलं.

आणि बांधावरून माझा आवाज आला.

तुम्ही कधी आपला स्वतःचा आवाज असा अचानक ऐकला आहे का? पहिल्यांदा ओळखूच येत नाही. मला वाटलं, ही कोण बाई रडून राहिली? मग "डिंपल" ऐकलं. मग आमच्या ह्यांचं नाव ऐकलं. हातातली रोपांची पेंडी हातातच राहिली. मी हललीच नाही. ओरडली पण नाही.

आणि त्याहून मोठा धक्का पुढे होता. ते बोलणं काही लहान नव्हतं. ते सुरूच राहिलं. आणि कोणीच बंद केलं नाही. ज्या बायांसोबत मी डबा वाटून खाते, त्या वाकलेल्या कमरेनंच, माना वळवून, शेवटपर्यंत ऐकत होत्या.

नंतर कौशल्याबाई मला म्हणाल्या, "हात चिखलाचे होते वो बाई, मले बंद करता नाही आलं."

मी म्हटलं, "लावताना पुसलं होतं न बोट."

कौशल्याबाई समोरच बसल्या आहेत. हे सांगू का म्हणून मी त्यांना विचारलं आहे. त्या म्हणाल्या, सांग. त्यासाठी त्यांचे आभार मानते, कारण एवढं मोठेपण साऱ्यांना जमलं नाही.

घरी पोहोचली तर मामाजी ओसरीत बसले होते. चेहऱ्यावर काळजी. म्हणतात, "पाण्याचं पाठवलो त कोणी काही उत्तरच देऊन नाही राहिलं. गेलं नाही का बाप्पा?"

त्यांना माहीतच नव्हतं! मनिष धावत आला, त्यानं कानात सांगितलं. मामाजींनी घाईघाईनं बटण दाबलं आणि ते पुसून टाकलं. पण ते फक्त त्यांच्या फोनवरून पुसलं गेलं. साऱ्यांच्या फोनवरून पुसायचं बटण वेगळं असते म्हणे. ते राहून गेलं. म्हणजे पाहा, मला तेव्हा वाटलं, साऱ्या गावात ज्यांचा एकट्याचा फोन साफ होता, ते म्हणजे मामाजी. ग्रुप चालवणारा धर्मेंद्र तेव्हा बसमध्ये होता, रेंज नव्हती. त्यानं लाखांदूरला उतरून ते ग्रुपवरून काढलं, तोवर लोकांनी ते आपापल्या फोनमध्ये उतरवून घेतलं होतं, गावाबाहेर गेलं होतं. हसऱ्या तोंडांची चित्रं लावून गेलं होतं. दुपारी मनिषच्या फोनवर डिंपलचा फोन आला. "ताई, तू अन् मी बोललो होतो थे माह्याच फोनवर आलं वो. माह्या नंदेनं पाठवलं."

आमचे हे, भुपेंद्र, सोसायटीच्या गोदामात कामाला असतात. तिथे कोणी तरी ते मोठ्यानं लावलं. हे घरी आले, पाणी न पिता उभे राहिले. एकच बोलले. "मले सांगितलं असतं त मी नसतो का ऐकलो?" आणि गोसीखुर्द धरणाकडे त्यांच्या मावशीचं पुनर्वसनातलं गाव आहे, तिकडे निघून गेले. फोन बंद.

मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं वाटलं.

मी आतल्या खोलीत पडून राहिली. क्लासच्या मुली आल्या, परत पाठवल्या. दुकानात जायची हिंमत नव्हती. रस्त्यात कोणी फोनकडे पाहून हसलं की वाटे, माझंच ऐकून राहिले. अशा वेळी नर्सबाई आल्या. लसीचा डबा खांद्याला. आल्या तशा माझ्या उशाशी बसल्या.

"उर्वशी, काहून पडून राहिली वो?"

मी म्हटलं, "बाई, तुम्ही ऐकलंच असेल."

त्या म्हणाल्या, "नाही. आलं होतं माह्या फोनवर. मी पाण्याचं समजून लावली. पहिल्याच शब्दाले तुहा आवाज ओळखू आला. बंद केली. पुसून टाकली."

"पुढचं?"

"पुढचं मले काय करायचं आहे? तुले सांगायचं असलं त तू सांगशील."

मंडळी, त्या क्षणी मी जितकी रडली, तितकी ते सारं झाल्यावर पण रडली नव्हती. एक माणूस होतं गावात, ज्याच्यापुढे मी झाकलेली होती.

बाहेर मामाजी खांबाला टेकून उभे होते. ते दारात आले. सासऱ्यानं सुनेपुढे हात जोडलेले मी तोवर पाहिले नव्हते. "पोरी, मी तुले उघडं पाडलो." बाईंनीच त्यांचे हात खाली केले. म्हणाल्या, "मुद्दाम नाही केलं न तुम्ही. ज्यायनं पुढं पाठवलं, त्यायनं मुद्दाम केलं. मी त्यायच्याकडे जाते."

आणि खरंच गेल्या. गावात फिरतीवर जायच्याच त्या. कुणाचा बीपी पाहिला, कुणाच्या लेकराला डोस दिला, आणि निघताना म्हणायच्या, "आता फोन काढ. उर्वशीचं पुस." माझ्यासमोर नाही, चारचौघांत नाही. त्यांच्याच घरात. काही जणांनी लगेच पुसलं. एक जण मात्र बाईंना चौकात गाठून म्हणाला, "बाई, साऱ्या दुनियेनं ऐकलं, आता पुसून काय होते?"

बाईंनी त्याला विचारलं, "तुह्या घरी मी किती वेळा आली?"

"लय वेळा."

"मग तुह्या घरचं तू माह्या तोंडून कुठं ऐकलं?"

इथे असं एक घर नाही, ज्याचं काही ना काही बाईंच्या पोटात नाही. त्या माणसानं तिथेच फोन काढला.

सारं पुसलं गेलं, असं मी म्हणणार नाही. आजही ते कुठल्या तरी फोनमध्ये पडलेलं असेल. ह्या विचारानं अजूनही दचकायला होते. पण मी पुन्हा दुकानात गेली, पुढच्या रोवणीला बांधीत उतरली. ह्यांना आणायला बाई स्वतः मावशीच्या गावी गेल्या होत्या. तिथे काय बोलणं झालं, ते मी दोघांनाही विचारलं नाही. हे परत आले. आम्ही दोघं मिळून दवाखान्यात गेलो. पुढचं आमच्या घरात आहे, ते आमच्या घरातच राहू द्या.

माझे यजमान आत्ता मागे जेवणाच्या तयारीत आहेत. काल मी त्यांना विचारलं, "बाईंच्या कार्यक्रमात हे बोलू का? तुमची पण गोष्ट आहे." ते म्हणाले, "बोल. आतापर्यंत दुसऱ्यायच्या फोननं सांगितलं. एक डाव आपल्या तोंडानं सांग."

बाई, ते सांगून झालं. तुम्ही त्या दिवशी जे ऐकलं नाही, त्याचे हे आभार आहेत. सुखानं राहा. मान्यवरांनी आणि तुम्ही सर्वांनी एवढा वेळ माझं ऐकून घेतलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखलं असेल, वडीलधाऱ्यांचा मान राखण्यात कमी-जास्त झालं असेल, तर ते पोटात घालावं. रजा घेते.