साडूचा हातगुण

हात बघा! नाही नाही, आधी हे हात बघा माझे, मग बाकीचं बोलू. हे नखांत काळं दिसतंय ना, ते ग्रीस आहे, तीन वर्षांचं. हा अंगठा बॉनेटमध्ये चेपला. आणि हे इथं भाजलंय ते फ्रिजच्या बर्नरवर... हो, आमच्या फ्रिजला बर्नर आहे, सांगतो ते... तर तुम्हाला सांगतो, एवढं सगळं करून हातगुण कुणाच्या हाताला? साडूच्या! ज्या माणसानं उभ्या जन्मात पाना हातात धरला नाही, त्याच्या हाताला गुण! आता मी काही जळत नाही हं, उगाच गैरसमज नको. जळण्यासारखं आहे काय त्यात? पण तुम्ही चार शहाणी माणसं, तुम्हीच काय तो न्याय करा.

तर गाडी. मोटरहोम म्हणतात तिला, आम्ही घरगाडी म्हणतो. सत्तावीस वर्षांची आहे. म्हणजे एक साधी व्हॅन, पण आत पलंग, दोन बर्नरची शेगडी, हात धुवायचं भांडं, गॅसवर चालणारा फ्रिज, एक बाक, एक टेबल, आणि हे सगळं इतक्या जागेत की एकानं कूस बदलायची तर दुसऱ्याला आधी सांगावं लागतं. दोघांची गाडी! तिसऱ्याला जागा नाही, आणि म्हणूनच घेतली हो मी. पस्तीस वर्षं संसार झाला, आम्ही दोघंच असे कुठं म्हणून गेलो नाही. कधी मुलं, कधी आई, कधी कुणाची काकू. म्हटलं, आता दुकान बंद केलंय, बारा दिवस जाऊ. ती आणि मी. बस्स, एवढंच मागणं होतं माझं.

दुकान कसलं? घड्याळदुरुस्तीचं! चाळीस वर्षं! डोळ्याला भिंग लावून, चिमट्यानं, तिळाएवढे स्क्रू बसवले या हातांनी. लोक म्हणायचे, तुमच्या हातात घड्याळ दिलं की काळजी नाही. सगळं गाव म्हणायचं. बायको सोडून. ती कधी म्हणाली नाही. का म्हणेल? घरातलं घड्याळ बंद आहे ना अकरा वर्षं.

गाडीचं मी काय नाही केलं? छताच्या खिडकीतून पाणी गळायचं, बरोबर माझ्या उशीवर, तिच्या नाही. ती खिडकी चार वेळा काढून चार वेळा चिकटवली. पाण्याचा पंप नळ बंद केला तरी गुरगुरत राहायचा, तो सुटा करून वर्तमानपत्रावर मांडला, पुन्हा जोडला, दोन भाग उरले, तरी चालतो! फ्रिजचं तर विचारूच नका. पुस्तकात लिहिलंय, गाडी अगदी सपाट उभी असेल तरच हा फ्रिज गार होतो. म्हणून मी खास फळी ठोकली आत, तिच्यावर गवंड्याची पाणसळ ठेवायची, चाकांखाली लाकडं सरकवायची, बुडबुडा मधोमध आणायचा. आणला! बर्नर साफ केला, नळी ब्रशनं झाडली. फ्रिज कोमटच्या कोमट. दूध ठेवा, संध्याकाळी दही.

पण हे सगळं चाललं असतं हो. मुख्य दुखणं होतं स्टार्टरचं. चावी फिरवली की... टक्. बस्. पुन्हा फिरवा... टक्. बॅटरी नवी, स्टार्टर काढून तपासला, फ्यूज बदलले, चावीचं कुलूप बदललं. टक्! मेकॅनिक आला, पाऊण तास बॉनेटमध्ये डोकं घालून बसला, बाहेर आला आणि म्हणाला, "काका, वय झालं." मी म्हटलं, "गाडीचं ना?" तर तो हत्यारं गोळा करायला लागला.

आणि मग एका रविवारी आला साडू.

साडू म्हणजे हिच्या ताईचे यजमान. गाद्यांचं दुकान आहे त्यांचं. अंगानं असा, की बेताची माणसं दोन तरी निघतील त्यातून. आणि धंदा काय, तर गिऱ्हाईक आलं की हा गादीवर बसून दाखवतो. "बघा, दबली? नाही दबली!" खपली गादी. म्हणजे बसणं हाच धंदा! आला, गाडीभोवती एक फेरी मारली, म्हणाला, "बघू हो जरा." दार उघडलं, आत बसला, चावी फिरवली आणि... घर्रर्रर्र! चालू! पहिल्या फटक्यात!

आमची ही दारात उभी. दोन्ही हात गालांवर. "अगंबाई! भाऊजी, तुमच्या हाताला गुण आहे हो!" आणि तो लाजला. एवढा मोठा माणूस लाजला! "छे छे, माझं कसलं, मी फक्त बसलो." आता बघा, खोटं तरी बोलला का? नाही! बोलला असता तर रागावता तरी आलं असतं.

मी जळत नाही हं. पण दुसऱ्या दिवशी मी बसलो तर टक्. हिला बसवलं, टक्. पुढच्या रविवारी साडू बसला... घर्रर्र! असं तीनदा झालं. आणि वर त्यानं काय करावं? दुकानातून मापात कापून घरगाडीच्या पलंगाला नवीन गादी आणली! ही दुपारची तिच्यावरच आडवी व्हायला लागली, आणि हिची सहा वर्षांची पाठदुखी आठ दिवसांत गेली. "भाऊजींचा हातगुण!" अहो, गादीतसुद्धा हातगुण? मी सहा वर्षं पाठ चोळून दिली, त्याचं काय?

आणि एक दिवस ही भाजी निवडता निवडता, अगदी सहज, म्हणते कशी, "अहो, मी काय म्हणते, बारा दिवस परक्या ठिकाणी ही बया बंद पडली तर? त्यापेक्षा ताईला आणि भाऊजींनाच घेऊ या ना बरोबर. मी रविवारी विचारते." मी म्हटलं, "अगं, गाडी दोघांची आहे!" तर म्हणाली, "चालू झाली तर दोघांची ना?"

मी पाना उचलला आणि गाडीकडे गेलो.

त्या आठवड्यात मी जेवणावरून लक्ष काढलं. गाडीला भिडलो खालून, वरून, आडवा, तिडवा. आणि गुरुवारी काय झालं, ऐका. पाण्याचे वीस-वीस लिटरचे तीन कॅन भरले आणि ड्रायव्हरच्या सीटजवळ ठेवले, नंतर मागं नेऊ म्हणून. सहज बसलो. सहज चावी फिरवली. घर्रर्र! मी थिजलो. बंद केली. कॅन उतरवले. टक्. कॅन चढवले. घर्रर्र! उतरवले... टक्! तेव्हा डोक्यात उजेड पडला. माझं वजन बावन्न. तीन कॅनचं साठ. झाले किती? एकशे बारा! आणि साडू किती? एकशे बारा! म्हणजे हा हातगुण नव्हताच हो, वजनगुण होता! साडू म्हणजे मी अधिक तीन कॅन!

खाली शिरलो. ड्रायव्हरच्या पायाखाली अर्थिंगची वायर, तिचा नट ढिला, गंजलेला. वर भार आला की पत्रा दबायचा, वायर टेकायची, गाडी चालू. भार उठला की टक्. नट काढला, घासला, लखलखीत केला, घट्ट आवळला. बसलो, एकटा, बावन्न किलो, रिकाम्या पोटी. चावी फिरवली. घर्रर्रर्र! अहो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. तसाच ओरडलो, "अगं ऐकलंस का? चालू झाली!"

आतून आवाज आला, "भाऊजी आलेत का?"

...

भाऊजी आलेत का! मी गाडी बंद केली. आत गेलो. "मी केली चालू. मी!" तर ही म्हणते, "हो ना? रविवारी बसून गेले होते ना ते, त्यांचाच गुण राहिला असेल."

आता मी जळलो. खोटं कशाला बोलू, पार टाळूपासून टाचेपर्यंत जळलो! आणि ठरवलं, वायरबियर काही समजावून सांगायचं नाही. दाखवायचं! रविवारी सकाळी, ती मंडळी यायच्या आधी, खाली शिरायचं, नट काढून खिशात टाकायचा, वायर पार बाजूला करायची. मग बसू दे साडूला. दोन साडू बसू देत! त्याच्या हातून चालू होणार नाही, सगळ्यांदेखत होणार नाही, आणि मग मी बाह्या सरसावून खाली जाईन, दोन मिनिटांत नट लावीन, आणि बाहेर येऊन नुसती चावी फिरवीन. बोलायचं काही नाही. ती बोलेल. पस्तीस वर्षांत एकदा तरी बोलेल!

आले दोघं. साडू पांढऱ्या शर्टात. बसला, गाडी नेहमीसारखी एका अंगाला कलली. चावी फिरवली. काही नाही! टक्सुद्धा नाही! पुन्हा फिरवली. शांतता. हिचा चेहरा पडला, ताईंचा पडला, आणि मी... अहो, इतकं गार मला फ्रिजमध्ये डोकं घालून कधी वाटलं नव्हतं. म्हटलं, "व्हा बाजूला. मी बघतो."

शिरलो गाडीखाली. उताणा. वायर धरली. खिशात हात घातला, आणि नट... नाही! दुसऱ्या खिशात नाही! खाली सरकताना पडला वाटतं. चाचपतोय, माती उकरतोय, खडे हाताला लागतायत, नट काही लागत नाही. मी! तिळाएवढा स्क्रू अंधारात हुडकून काढणारा मी! वरून ही विचारतेय, "अहो, काय शोधताय?" काय सांगू? नट शोधतोय म्हणू? मग म्हणेल, निघाला कसा? म्हटलं, "काही नाही, बघतोय." "अर्धा तास काय बघताय?"

आणि मग साडू म्हणाला, "थांबा, मी येतो मदतीला." नको म्हणेपर्यंत तो खाली बसायला लागला. एवढा देह, वाकताना टेकू हवा, म्हणून त्यानं पंजा टेकला जमिनीवर, आणि...

"आई गं! हाताला काय टोचलं बघा."

नट!

ही वरून टाळ्या वाजवतेय! "बघितलंत? बघितलंत? म्हटलं नव्हतं मी, हातगुण!" आता याला काय म्हणाल? तळहातात रुतला होता हो त्याच्या, अक्षरशः हाताला लागला!

तेवढ्यात ताई म्हणाल्या, "पण हा निसटला कसा म्हणते मी? नवीनच दिसतोय की." झालं! साडूनं नट बोटांत धरून बघितला. लखलखीत, घासलेला. मग खाली वाकून माझ्याकडे बघितलं. मी उताणा, हातात त्याच मापाचा पाना. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय. त्याला कळलं. शंभर टक्के कळलं! गाद्या विकतो म्हणून काय खुळा आहे? आणि तो माणूस वर तोंड करून म्हणाला, "जुनी गाडी आहे, सुटतात नट हादऱ्यानं. यांनी बरोबर जागा ओळखली म्हणून, नाहीतर मला कुठं काय कळतंय."

वाचवलं मला. ज्याचं नाक कापायला निघालो होतो, त्यानं! आता अशा माणसावर धड जळता तरी येतं का, तुम्हीच सांगा. मी नट लावला, गाडी चालू झाली, आणि बाहेर येऊन, या तोंडानं, सगळ्यांसमोर म्हणालो, "आहे बुवा साडूभाऊंच्या हाताला गुण."

आणि ऐका पुढचं. हिनं बारा दिवसांचं विचारलं, तर तो म्हणतो, "नको नको, आम्ही कशाला मध्ये? तुम्ही दोघं जा की." अहो, सोन्यासारखा बोलला! मी नुसतं गप्प बसायचं होतं. पण माझी जीभ! उपकाराखाली दबलेली जीभ! "छे छे, असं कसं, तुम्हाला यावंच लागेल!" कोण म्हणालं? मीच!

म्हणून आम्ही चौघं इथं मुक्कामाला आलोय. त्या गादीवर दोघी बहिणी झोपतात, साडूनं बाहेर तंबू ठोकलाय, आणि मी बाकावर, पाय मुडपून. इथल्या पहिल्याच सकाळी साडू चहाचा कप घेऊन दाराजवळच्या बाकाच्या टोकाला बसला. बसला तो बसलाच, दुपारपर्यंत गप्पा. आणि ही ओरडली, "अहो, दूध गार! फ्रिज चालला!" मी पाणसळ काढली. या वेळी फळीवर नाही, फ्रिजच्या तळाशीच ठेवली. साडू बसलेला असला की बुडबुडा मधोमध. उठला की पळाला कडेला! मग त्या फळीकडे बघितलं. वाकडी. चांगली बोटभर वाकडी. कुणी बसवली होती? या हातांनी!

कुणाला काही बोललो नाही. फळी काढून सरळ ठोकायची, नाहीतर चाकांखालची लाकडं हलवायची, तर ही विचारणार, का. ते दार दिसतंय ना? तो तिथंच बसलाय सकाळपासून. मघाशी उठायला लागला, म्हणाला, जरा पाय मोकळे करून येतो. मी धावत गेलो. हे हात बघितलेत ना माझे? हेच जोडले आणि म्हटलं, "साडूभाऊ, बसा. दूध नासेल."