खालच्या खणातली कात्री

शिंपीण : अहो, आयात-कराच्या पाहणीवाल्या बाई आल्यात. माझा फॉर्म कुठाय? सकाळी तुमच्या कामाच्या टेबलावर ठेवला होता.

कात्रीवाला : कुठला फॉर्म?

शिंपीण : आता! परदेशी मालावरचा कर वाढवावा की नको, तो. अख्ख्या गल्लीला दिलाय. तुम्ही वाचलात ना?

कात्रीवाला : मी... तू बस आधी.

शिंपीण : वाचलात! तरीच जेवल्यापासून तोंड चुकवताय.

पाहणीवाली : मी नंतर येऊ का?

कात्रीवाला : नको, या. हा घ्या तिचा फॉर्म.

पाहणीवाली : अगंबाई, ही तर कात्रणं!

कात्रीवाला : काय सांगू तुम्हाला. बुकबाइंडरची ऑर्डर होती. कागदाच्या कात्रीला धार लावली की कागद कापून बघायचा, हाताला लागेल तो. सहा कात्र्या पास केल्या, सातवीला बघतो तर हिचं अक्षर!

शिंपीण : म्हणजे तुम्ही वाचलाच नाहीत?

कात्रीवाला : वाचायला उरलंय काय? दुपारपासून तुला टाळतोय, सांगू कसं म्हणून.

शिंपीण : सुटले गं बाई!

पाहणीवाली : कमाल आहे. लोक अशा वेळी भांडतात. हे घ्या दोन फॉर्म, ज्याचं मत त्यानं द्यायचं.

कात्रीवाला : माझं लिहा, वाढवा. दुप्पट करा! मला पोलाद ज्या भावात पडतं, त्या भावात तिकडची तयार कात्री येते. पाच कारागीर होते माझ्याकडे. आता मी आणि हे धारेचं चाक. हिचंही तेच लिहा.

शिंपीण : माझं तेच नाही.

कात्रीवाला : आँ?

शिंपीण : सुया, चेन, अस्तर, सगळं बाहेरून येतं. कर वाढला की शिलाई वाढवायची, आणि गिऱ्हाईक पळालं की बसायचं माश्या मारत.

कात्रीवाला : बरं, सुया सोड. कात्रीवर तरी वाढू दे?

पाहणीवाली : पुढचा प्रश्न. रोजच्या वापरातली परदेशी वस्तू कोणती? सकाळी काय लिहिलं होतंत, ताई?

शिंपीण : लपवून तरी काय करू आता. लिहा, कात्री.

पाहणीवाली : कात्री? या घरात?

शिंपीण : अहो, रागावू नका. तुमची कात्री जड हो. मनगट भरून यायचं, पेला उचलवत नव्हता. पण तुम्हाला तोंडानं सांगवेना. वर्ष झालं, खालच्या खणात कापडाखाली लपवून ठेवते.

कात्रीवाला : लाल मुठीची.

शिंपीण : तुम्हाला माहितीय?

कात्रीवाला : पहिल्या आठवड्यापासून.

शिंपीण : आणि राग नाही आला?

कात्रीवाला : आला ना! आठ दिवस धुमसत होतो. मग बघितलं, तू मनगट चोळायची थांबलीस. कर मात्र वाढलाच पाहिजे हं बाई, माझं मत बदललेलं नाही.

पाहणीवाली : लिहिलंय, दादा.

शिंपीण : देवा, केवढं ओझं उतरलं! पण एक कबूल करा, माल चांगला आहे त्यांचा. वर्षभरात एकदाही बोथट झाली नाही.

कात्रीवाला : होते की. दर रविवारी तू बाजारात गेलीस, की मी धार लावून परत खणात ठेवतो.