लाल रविवार

...नाही, पण मग 'सगळ्यांचं स्वागत आहे' असं लिहायचंच कशाला, मी म्हणतो? तुम्हाला सांगतो, मी मोशे आपटेकर, इथे पनवेलला एका सरकारी कचेरीत आवक-जावक बघतो, आयुष्यात कधी विचारल्याशिवाय कशाला हात लावला नाही, आणि नेमका तिथेच फसलो.

झालं काय, कॉम्प्युटरवर एक फुकटचं कॅलेंडर मी वापरतो. ते कुणा कंपनीचं नाही, जगभरातली माणसं मिळून बनवतात, आतला कोड सगळा उघडा, कुणीही बघा, कुणीही दुरुस्त करा, आणि ज्यानं दुरुस्त केलं त्याचं नाव त्यातच एका खिडकीत येतं. आता आमच्या हिचा, जेरुशाचा, भाऊ जोशुआ तिकडे इस्रायलला मोठा प्रोग्रॅमर. दर फोनला विचारणार, "काय भावोजी, तुम्ही कॉम्प्युटरचा क्लास लावला होतात ना? पुढे काय झालं त्याचं?" आणि असं गोड आवाजात विचारतो हो, त्यापेक्षा शिवी परवडली. म्हटलं, एकदा त्या खिडकीत नाव येऊ दे, मग फोन मीच लावतो.

तर साइटवर नवख्यांसाठी सोपी कामं वेगळी काढून ठेवलेली. वर लिहिलेलं, सगळ्यांचं स्वागत आहे. पहिलंच काम काय, तर रविवार लाल दिसायला हवा तो काळा दिसतो. एका ओळीचं काम! मी ती ओळ शोधली, बदलली, चालवून बघितली, रविवार लालभडक. मग? मग रीतसर अर्ज केला. 'आदरणीय महोदय, सदर काम माझ्याकडे सोपवावे ही नम्र विनंती.' आणि बसलो परवानगीची वाट बघत. तो नेमका शुक्रवार. संध्याकाळी हिनं शब्बाथचे दिवे लावले, कॉम्प्युटर बंद, आम्ही ज्यू, आमच्यात मग शनिवार मावळेपर्यंत कामाला हात लावत नाहीत. शनिवार मावळल्यावर उघडतो तर... रविवार लाल! ब्राझीलच्या कुणा बाईनं करून टाकला. विचारलं कुणाला? कुणाला नाही. वर तिलाच धन्यवाद.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मी लिहिलं, इथले मुख्य साहेब कोण? नॉर्वेहून एकाचं उत्तर, "इथे साहेब कुणी नाही. विचारत बसू नका, करून पाठवा." साहेब नाही? मग सही कोण करतं? अहो, आमच्या कचेरीत पंखा या टेबलावरून त्या टेबलाकडे वळवायचा तर टिपणी वर जाते, खाली येते, तोवर थंडी पडते... पण म्हटलं, सगळ्यांचं स्वागत आहे ना? मन घट्ट केलं आणि पुढचं काम न विचारता पाठवून दिलं. नॉर्वेवाल्यानं चुका काढल्या, मी सुधारल्या, त्यानं परत काढल्या, मी परत सुधारल्या, आणि एका सकाळी बघतो तर खिडकीत नाव. मोशे आपटेकर, पनवेल. जोशुआला फोन लावला. तो म्हणाला, "भावोजी, हे कॅलेंडर आमच्या ऑफिसात सगळे वापरतात," आणि क्लासचं नावसुद्धा काढलं नाही. त्या दिवशी साधी आमटीसुद्धा काय लागली म्हणून सांगू.

मग सवयच लागली. सकाळी चहा घ्यायचा, एखादं काम उचलायचं, करून टाकायचं, विचारतंय कोण? ते बघून नॉर्वेवाला म्हणाला, नव्या माणसांची पत्रं येतात, त्यांना उत्तरं देण्याचं तुम्ही बघा. म्हणजे फिरून आवक-जावकच! पहिलंच पत्र इथल्याच पळस्प्याहून, जिक्रा नावाच्या मुलीचं. शुक्रवारी संध्याकाळी आलेलं, मी वाचलं रविवारी, चहा झाल्यावर. 'आदरणीय सर, सोप्यातलं एक काम मी करून ठेवलं आहे, पाठवायची परवानगी मिळावी ही नम्र विनंती.' भरून आलं हो मला. लगेच लिहिलं, 'विचारत बसू नकोस, पाठव. सगळ्यांचं स्वागत आहे.'

आणि मग सहज बघितलं, काम कुठलं ते... तर ते आधीच कुणीतरी उरकून टाकलेलं. कुणीतरी म्हणजे मीच. त्याच सकाळी, चहा पिता पिता... आता मी तरी कुणाला विचारणार होतो?